नोंदवहीतली फेरी: अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीचं जेल नेमकं कोण चालवतं?

टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनहून वायव्येला गाडीने साधारण तासाभरावर हेम्पस्टेड नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम सहा हजारांची. वॉलर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या एका भागाचा, सगळा कारभार इथूनच चालतो. कोर्ट, कचेरी, शेरिफचं ऑफिस, जेल, सगळं इथेच. १० जुलै २०१५ ला, शुक्रवारी, या जेलमध्ये सँड्रा ब्लँड नावाच्या २८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीला आणलं गेलं. ती शिकागोच्या बाजूची. शेजारच्याच प्रेअरी व्ह्यू गावात तिचं जुनं कॉलेज होतं आणि तिथल्या नोकरीसाठी ती आली होती. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून राज्याच्या पोलिसाने तिची गाडी अडवली, शब्दाने शब्द वाढला आणि प्रकरण अटकेवर गेलं. जामीन ५,००० डॉलरचा. बाहेर पडायला त्यातले साधारण ५०० डॉलर लगेच भरायला हवे होते. ते जमेपर्यंत शनिवार-रविवार गेला. सोमवारी, १३ तारखेला सकाळी, ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. शवविच्छेदनात आत्महत्येचा निष्कर्ष निघाला.

दाखल करून घेताना तिला नेहमीचे प्रश्न विचारले होते. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद त्या कागदांत होती. वेगवेगळ्या कागदांवरच्या नोंदी एकमेकींशी जुळतही नव्हत्या. तरी तिच्यावर खास नजर ठेवली गेली नाही. टेक्सासचा नियम असा, की प्रत्येक कैद्याला तासातून निदान एकदा समोर जाऊन पाहायचं आणि ज्याच्या जिवाला स्वतःपासून धोका वाटतो त्याला दर अर्ध्या तासाने. राज्याच्या तपासनिसांनी काही दिवसांतच जेलवर ठपका ठेवला. तासाची फेरी नियमाप्रमाणे झालेली नव्हती आणि मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण दिल्याचे कागदही नव्हते. पुढे कुटुंबाने लावलेल्या दाव्यातल्या साक्षीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. एका कर्मचाऱ्याने न केलेली फेरी वहीत केली म्हणून लिहिली होती.

मी या घटनेबद्दल पुष्कळ वाचलं आहे आणि दर वेळी त्या वहीशी येऊन थांबते. रस्त्यावरच्या अटकेचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला, त्यावर चर्चा झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण एखादं जेल नीट चालतं की नाही, हे त्या वहीतल्या ओळीवरून कळतं. ओळ खरी की खोटी, आणि खोटी असेल तर ती कोणाच्या लक्षात यायला हवी होती? जेलचं उत्तरदायित्व म्हणतात ते मुळात एवढंच आहे. ते समजून घ्यायचं तर आधी हे जेल म्हणजे काय आणि ते कोणाच्या ताब्यात असतं, ते पाहावं लागेल.

आपण मराठीत जेल, तुरुंग, कारागृह हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. अमेरिकेत मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा झाली, ती वर्षभराहून मोठी असली, की माणूस राज्याच्या किंवा केंद्राच्या कारागृहात जातो. ‘जेल’ हे त्याच्या अलीकडचं ठिकाण. अटक झाल्यावर पहिल्यांदा तिथेच आणतात. जामीन मिळेपर्यंत, खटला संपेपर्यंत किंवा काही महिन्यांची छोटी शिक्षा भोगेपर्यंत माणूस तिथे राहतो. ही जेलं बहुतेक करून काउंटीची असतात. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा भाग, पण कित्येकदा लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच. एकट्या टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत.

२०२२ च्या मध्याला देशभरातल्या या स्थानिक जेलांत एका दिवशी सुमारे ६,६३,००० माणसं होती. त्यातली ७० टक्के दोषी ठरलेलीच नव्हती. आपल्याकडे ज्यांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात, ते. आणि एका दिवसाच्या आकड्याहून वर्षभराची ये-जा फार मोठी आहे. त्या वर्षभरात सुमारे ७३ लाख वेळा कोणी ना कोणी जेलच्या दारातून आत गेलं. दारू उतरेपर्यंत, नवरा-बायकोच्या भांडणातून, चुकलेल्या तारखेच्या वॉरंटवरून, अंमली पदार्थांच्या पुडीवरून. राज्याच्या कारागृहात येणारा माणूस कोण आहे, त्याला काय आजार आहे, हे बहुतेक वेळा आधी माहीत असतं. जेलमध्ये येणारा माणूस मध्यरात्री येतो, झिंगलेला, घाबरलेला, रोजची गोळी घरी विसरून आलेला. म्हणूनच इथले पहिले काही तास आणि दिवस सगळ्यांत धोक्याचे. २०१९ मध्ये स्थानिक जेलांत १,२०० माणसं दगावली. कारणांत एकटं सगळ्यांत मोठं कारण आत्महत्या, साधारण ३० टक्के.

आता ताबा कोणाचा ते पाहू.

शेरिफ म्हटलं की मुंबईकराला नगरपाल आठवतो. वर्षभराचं मानाचं पद, हातात सत्ता काही नाही. अमेरिकेतला शेरिफ त्याच्या अगदी उलट. बहुतेक सगळ्या राज्यांत तो लोकांच्या मतांवर निवडून येतो, सहसा चार वर्षांसाठी. काउंटीच्या ग्रामीण भागात तोच मुख्य पोलीस. गस्त त्याची, तपास त्याचा, समन्स बजावणं त्याचं आणि जेलही त्याचं. टेक्सासच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की काउंटीच्या जेलचा राखणदार शेरिफ. रोजच्या कारभारासाठी तो कोणालाही जेल प्रशासक नेमू शकतो, पण देखरेख आणि ताबा त्याच्याकडेच राहतो. म्हणजे कायद्याने काम वाटता येतं, जबाबदारी वाटता येत नाही.

महाराष्ट्रात ही रचना वेगळी आहे, आणि फरक लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे पकडणारे पोलीस आणि सांभाळणारं कारागृह, दोन्ही गृहखात्याखाली असले तरी विभाग वेगळे. तुरुंग अधीक्षक नेमलेला असतो, त्याची बदली होते, त्याच्यावर वरिष्ठ असतात. अमेरिकी शेरिफला असा वरिष्ठच नाही. काउंटीचं बोर्ड त्याला काढून टाकू शकत नाही. त्याची बदली होत नाही. राज्यपालाने रोज सकाळी त्याला फोन करून विचारावं अशीही सोय नाही. त्याला जाब विचारणारा मुख्य माणूस म्हणजे मतदार, आणि तो चार वर्षांतून एकदा विचारतो.

केंटकी राज्याने तर एक पाऊल पुढे टाकलं आहे. तिथे शेरिफ वेगळा आणि जेलर वेगळा, आणि तो जेलरही लोकांनी निवडून दिलेला. राज्यातल्या बहुतेक सगळ्या काउंट्यांत. त्यातल्या कित्येक काउंट्यांचं स्वतःचं जेल कधीच बंद झालं आहे, कैदी शेजारच्या काउंटीत ठेवतात, तरी राज्यघटनेत पद आहे म्हणून जेलर निवडला जातोच.

शेरिफकडे किल्ली असली तरी तिजोरी दुसऱ्याकडे असते. टेक्सासमध्ये तिजोरी ‘कमिशनर्स कोर्ट’कडे. नाव कोर्ट, पण ते न्यायालय नव्हे. चार कमिशनर आणि एक काउंटी जज मिळून काउंटीचा अर्थसंकल्प ठरवतात. रस्ते, पूल, कोर्टाची इमारत आणि जेल, सगळ्यांची ओढाताण तिथे होते. जेलमध्ये किती शिपाई, त्यांना किती पगार, रात्री नर्स असणार की नाही, हे व्यवहारात तिथल्या मतदानावर ठरतं. पण जेलमध्ये काही बिघडलं तर कमिशनर म्हणतात, जेल शेरिफचं. शेरिफ म्हणतो, मी माणसं मागितली होती, यांनी पैसे दिले नाहीत. दोघंही खरंच बोलत असतात, आणि यातच सगळी मेख आहे.

तिसरा वाटेकरी राज्य. टेक्सासमध्ये १९७५ साली जेल मानक आयोग स्थापन झाला. एका मजल्यावर ४८ कैद्यांमागे निदान एक कर्मचारी, तासाची फेरी, पाणी, जागा, व्यायाम, डॉक्टर असे किमान नियम त्याने ठरवले. तपासणी करतो, ठपका ठेवतो, ऐकलं नाही तर जेल बंदही करू शकतो. कागदावर हे चांगलं आहे. शिवाय अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत एवढंही नाही. पण दोनशेहून जास्त जेलांसाठी आयोगाचे तपासनीस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वॉलर काउंटीचंच उदाहरण पुन्हा घ्या. २०१२ मध्ये त्याच जेलमध्ये एका कैद्याने आत्महत्या केली होती आणि तेव्हाही आयोगाने फेऱ्यांवरूनच ठपका ठेवला होता. तीन वर्षांनी पुन्हा तोच ठपका. म्हणजे पहिल्या वेळी दुखणं ओळखलेलं होतं, चिठ्ठीही लिहून दिली होती. औषध रोज घेतलं जातंय का, हे पाहायला तिथे कोणी नव्हतं.

ग्रामीण जेलात हे अधिक अवघड का होतं, ते सांगायला मला रात्रपाळीचंच उदाहरण बरं वाटतं. साठ-सत्तर कैद्यांचं जेल धरा. रात्री दोन किंवा तीन माणसं कामावर. एक कंट्रोल रूममध्ये, दारांची बटणं आणि कॅमेऱ्यांचे पडदे सांभाळत. तो तिथून उठू शकत नाही. दुसरा बरॅकींकडे. दोन वाजता गस्तीची गाडी एका झिंगलेल्या माणसाला घेऊन येते. त्याची झडती, सामानाची यादी, अंगठ्याचे ठसे, प्रश्नावली, आणि तो धड उत्तरं देत नाही. यात चाळीस मिनिटं जातात. तेवढ्यात एका कोठडीतून कोणी छातीत दुखतंय म्हणून दार बडवतं. जवळचं हॉस्पिटल दुसऱ्या गावात. न्यायचं तर सोबत एक कर्मचारी जाणार, म्हणजे मागे उरणार कोण? दोनची फेरी राहते, तीनचीही राहते. साडेतीनला तो वही पुढे ओढतो आणि लिहितो: २.००, सर्व ठीक. ३.००, सर्व ठीक.

या धंद्यातले लोक याला ‘पेन्सिल-व्हिपिंग’ म्हणतात. आपल्याकडे बसल्या जागी सह्या ठोकणं म्हणतात, आणि हजेरीपट असलेल्या कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला ते नवीन नाही. खोटी वही ओळखायला फार हुशारी लागत नाही. खरी फेरी कधी २.०७ ला होते, कधी २.५८ ला, कधी ४.०३ ला. मधे कोणी तरी पाणी मागितलेलं असतं, कोणी झोपलेला नसतो, त्याची खूण वहीत कुठे ना कुठे उमटते. खोट्या वहीत सगळं तासाच्या ठोक्याला आणि सगळं ‘ठीक’. महिन्याची पानं सलग उलटली तरी कळतं. फक्त कोणी तरी ती उलटायला हवीत.

नेतृत्वाचा प्रश्न इथे येतो. जेल चालवणं म्हणजे कडक असणं, असा समज शेरिफच्या निवडणुकीत जोपासला जातो. प्रचारात गस्तीच्या गाड्या, अंमली पदार्थांवरचे छापे, घोड्यावरचे फोटो असतात. रात्री दोनला जेलमध्ये किती माणसं कामावर होती, हा प्रश्न प्रचारात येत नाही. आतल्यांपैकी दोषी न ठरलेल्यांचा मताधिकार शाबूत असतो, पण कोठडीतून मतपेटीपर्यंत पोचणं फार थोड्यांना जमतं. त्यामुळे जेलकडे लक्ष देणाऱ्या शेरिफला त्याचं श्रेय मतांत मिळत नाही. तरी काही जण ते करतात, आणि ते काय करतात हे सांगण्यासारखं आहे.

असा शेरिफ न सांगता पहाटे तीनला जेलमध्ये येतो. वहीतल्या दहा नोंदी घेतो आणि त्याच वेळचं कॅमेऱ्याचं चित्रण समोर ठेवून जुळवून बघतो. नोंद खोटी निघाली तर त्या शिपायाला काढतो, पण तिथे थांबत नाही, त्या पाळीला माणसं किती होती हेही लिहून काढतो. जखमी किंवा शुद्धीवर नसलेला माणूस दारात आणला, तर आधी हॉस्पिटलचा कागद आणा, मगच आत घेतो, असं गस्तीवरच्या आपल्याच माणसांना तोंडावर सांगतो. कोणी मेलं नाही पण मरता मरता वाचलं, अशा प्रसंगाचीही चौकशी करतो. आणि सगळ्यांत कठीण गोष्ट म्हणजे कमिशनरांच्या उघड बैठकीत उभा राहून सांगतो, की एवढ्या माणसांत मी एवढे कैदी सांभाळू शकत नाही, एक बरॅक बंद करतो, जास्तीचे कैदी दुसऱ्या काउंटीत पाठवा आणि त्याचे पैसे मोजा. हे इतिवृत्तात जातं. पुढे काही झालं तर कोणाला काय माहीत होतं, हा वाद उरत नाही.

उलट, वाईट कारभारात सगळा दोष सगळ्यात खालच्या माणसावर येऊन पडतो. तो बहुतेक वेळा विशीतला असतो, पगार बेताचा. टेक्सासमध्ये तर तात्पुरत्या परवान्यावर, पूर्ण प्रशिक्षण होण्याआधीच, त्याला कामावर घेता येतं. त्याने खोटं लिहिलं हे चूकच, त्याला शिक्षाही व्हावी. पण खोटं लिहिल्याशिवाय पाळी पूर्णच होत नाही अशी पाळी कोणी आखली, हे विचारलं नाही तर उद्या त्याच्या जागी आलेला दुसरा पोरगाही तेच लिहील.

पैशाचंही बघायला हवं. आपल्याकडे म्हणतात, तळं राखील तो पाणी चाखील. अलाबामात हे अक्षरशः कायद्यात होतं. कैद्यांच्या जेवणासाठी राज्य शेरिफच्या हातात रक्कम द्यायचं, दर कैद्यामागे दिवसाला १.७५ डॉलर. जेवण घालून जे उरेल ते शेरिफचं. उरवायचं तर काय करावं लागतं, हे सांगायला नको. मॉर्गन काउंटीचे शेरिफ ग्रेग बार्टलेट यांनी तीन वर्षांत २,१२,००० डॉलर असे वाचवून खिशात घातले. स्वस्तात अर्धा ट्रक कॉर्नडॉग मिळाले, म्हणजे मक्याच्या पिठात बुडवून तळलेली सॉसेजं, तर कैद्यांना आठवडेच्या आठवडे दिवसातून दोनदा तेच खायला घातलं. जानेवारी २००९ मध्ये केंद्राच्या न्यायालयाचे न्यायाधीश यू. डब्ल्यू. क्लेमन यांनी शेरिफलाच कोठडीत पाठवलं. एका रात्रीनंतर, जेवणाचा पैसा जेवणावरच खर्च करीन, असं कबूल करून ते सुटले. कायदा मात्र तसाच राहिला. २०१८ मध्ये इटोवा काउंटीच्या शेरिफने याच रकमेतून काही वर्षांत साडेसात लाखांवर डॉलर स्वतःकडे ठेवल्याचं आणि समुद्रकिनारी घर घेतल्याचं उघड झालं, तेव्हा बोभाटा झाला. २०१९ मध्ये विधिमंडळाने ही वाट बंद केली. रक्कम वाढवून २.२५ डॉलर केली आणि ती वेगळ्या खात्यातच ठेवायची सक्ती केली. त्या शेरिफांपैकी कोणी चोरी केली असं कायद्याच्या भाषेत म्हणता येत नव्हतं, ही त्यातली खरी दुखरी बाजू.

दुसरी वाट खाटा भाड्याने देण्याची. राज्याचे किंवा केंद्राचे कैदी आपल्या जेलमध्ये ठेवून घ्यायचे आणि माणशी दररोजचे पैसे घ्यायचे. लुइझियानात राज्याचे जवळपास निम्मे कैदी असे स्थानिक जेलांत असतात. गरीब काउंटीला हे उत्पन्न सुटत नाही. मग जेल गरजेपेक्षा मोठं बांधलं जातं, आणि मोठं बांधलं की ते भरलेलं ठेवावं लागतं.

आणि एक अडचण फारशी कोणाला माहीत नसते. गरिबांना औषधोपचार देणारी मेडिकेड ही सरकारी योजना १९६५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनच तिच्यात अट आहे, की माणूस जेलमध्ये असताना, थोडे अपवाद सोडले तर, योजना त्याचा खर्च उचलणार नाही. बाहेर असताना ज्याची इन्सुलिन सरकार भरत होतं, तो आत गेला की बिल काउंटीचं. एका कैद्याला महागडा उपचार लागला तर छोट्या काउंटीचा वर्षाचा हिशोब कोलमडतो. मानसिक आजाऱ्यांचं तर विचारू नका. खटला चालवण्याच्या मनःस्थितीत नाही असं कोर्टाने ठरवलेला माणूस टेक्सासमध्ये राज्याच्या मनोरुग्णालयात खाट मिळेपर्यंत महिनोन्महिने काउंटीच्या जेलमध्येच पडून राहतो. मनोरुग्णालयाची जागा जेलने घेतली आहे, आणि जेलमध्ये मानसोपचार करणारं बहुतेक वेळा कोणी नसतं.

मग न्यायालयं काय करतात? बरंच करतात, पण उशिरा. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनेविरुद्ध आहे. १९७९ मध्ये सांगितलं, की दोषी न ठरलेल्या माणसाला शिक्षा म्हणून काहीच करता येत नाही. १८७१ च्या एका जुन्या कायद्याखाली कैदी किंवा त्याचे नातेवाईक दावा लावू शकतात, आणि १९७८ पासून थेट काउंटीवरही, फक्त तिथलं धोरण किंवा रुळलेली पद्धतच त्या हानीला कारण होती हे दाखवावं लागतं. एक निकाल अगदी छोट्या जेलमधून आला, विस्कॉन्सिनमधल्या मन्रो काउंटीच्या. २०१० मध्ये मायकेल किंग्सली नावाच्या कच्च्या कैद्याने कोठडीतल्या दिव्यावर कागद लावला होता, काढायला सांगितलं तरी काढला नाही. शिपायांनी त्याला उचलून दुसरीकडे नेलं, बेड्या घातलेल्या असताना टेझरचा, म्हणजे विजेच्या बंदुकीचा, झटका दिला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी ठरवलं, की अशा कैद्याने शिपायाच्या मनातला दुष्ट हेतू सिद्ध करायची गरज नाही. वापरलेलं बळ वाजवी नव्हतं, एवढं दाखवलं तरी पुरे. दिव्यावरच्या एका कागदावरून देशभरातल्या सगळ्या जेलांचा नियम बदलला.

सँड्रा ब्लँडच्या प्रकरणात ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, जेलमधल्या कोणावरही आरोप ठेवला नाही. रस्त्यावरच्या पोलिसावर खोटी शपथ घेतल्याचा आरोप होता. पोलीस खात्यात पुन्हा काम करणार नाही, या बोलीवर तोही २०१७ मध्ये मागे घेतला गेला. कुटुंबाला १९ लाख डॉलर देण्याचं सप्टेंबर २०१६ मध्ये ठरलं. त्यातले १८ लाख काउंटीच्या वतीने, म्हणजे विम्यातून, आणि एक लाख राज्याच्या पोलीस खात्याकडून. कोणाच्या पगारातून काही कापलं गेलं नाही.

पण त्या तडजोडीत पैशाखेरीजही अटी होत्या, आणि मला त्या पैशापेक्षा मोलाच्या वाटतात. प्रत्येक पाळीला नर्स किंवा प्रशिक्षित आरोग्यसेवक हवा. कोठड्यांवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर हवेत. पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये तिच्या नावाचा कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. जेलमधल्या मृत्यूची चौकशी त्या शेरिफच्याच खात्याने करायची नाही, बाहेरच्या यंत्रणेने करायची, हे त्यात आलं. धोका असलेल्या कैद्यांच्या फेऱ्या सेन्सरने किंवा कॅमेऱ्याने नोंदवल्या जाव्यात, हे आलं. दूरस्थ डॉक्टरची चोवीस तास सोय, प्रशासकाला प्रशिक्षण आणि परीक्षा, हेही आलं. रस्त्यावर गाड्या अडवण्याच्या पद्धतीबद्दलची मूळ मसुद्यातली कलमं मात्र वाटेत गळाली, आणि घरच्यांना ते लागलं, त्यांनी तसं बोलून दाखवलं.

सेन्सरची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कोठडीच्या दाराजवळ भिंतीत एक छोटी चकती असते. शिपायाच्या हातातलं यंत्र तिला टेकवलं की तारीख-वेळ आपोआप नोंदते. बसल्या जागी २.०० लिहिता येत नाही, उठून जावंच लागतं. ही मोठी सुधारणा आहे. तरी यंत्राला एवढंच कळतं, की कोणी तरी दाराशी आलं होतं. झडपेतून आत डोकावलं का, पांघरुणाखालची छाती वर-खाली होताना पाहिली का, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी त्या शिपायाला तशी सवय लावणारा वरिष्ठ लागतो, आणि त्या शिपायाकडे प्रत्येक दारासमोर दहा सेकंद थांबण्याइतका वेळ लागतो. म्हणजे फिरून पुन्हा पाळीतली माणसं आणि कमिशनरांची तिजोरी.

काही जण म्हणतात, छोट्या काउंट्यांनी जेल चालवूच नये, मोठी प्रादेशिक जेलं करावीत. वेस्ट व्हर्जिनियाने ते केलं. १९८५ च्या कायद्याने सुरुवात झाली आणि आज तिथे काउंट्यांच्या जेलांऐवजी राज्याची दहा प्रादेशिक जेलं आहेत. इमारती सुधारल्या, डॉक्टर मिळाला. पण घरापासून जेल लांब गेलं, भेटायला येणं अवघड झालं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कर्मचारीच पुरेनात म्हणून राज्यपालांना आणीबाणी जाहीर करून नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, जवान जेलांत पाठवावे लागले. त्यामुळे या उपायाने प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही, फक्त जाब विचारायचं दार बदलतं. काउंटीचं जेल निदान आपल्या गावात असतं. तिथला शिपाई कोणाचा तरी शेजारी असतो, कमिशनर किराणा दुकानात भेटतो. ग्रामीण जेलची सगळ्यात मोठी ताकद तीच आहे, आणि ती वापरणारे लोक फार थोडे आहेत.

वापरायची तर काय विचारायचं? आयोगाच्या तपासणीत जेल पास झालं की नापास, ते टेक्सासमध्ये सार्वजनिक असतं, अहवाल मागता येतो. गेल्या तीन तपासण्यांत एकच ठपका पुन्हा पुन्हा आला आहे का, ते पाहावं. जेलमध्ये मंजूर जागा किती आणि प्रत्यक्षात भरलेल्या किती, हे अर्थसंकल्पाच्या बैठकीत विचारावं. वर्षभरात किती शिपाई नोकरी सोडून गेले? रात्री आरोग्यसेवक असतो का? फेरीच्या नोंदी चित्रणाशी कोण जुळवून बघतं, किती दिवसांनी, आणि शेवटचं केव्हा बघितलं? या शेवटच्या प्रश्नाला ज्या शेरिफकडे तारखेसकट उत्तर असेल, त्याचं जेल बहुतेक बरं चाललेलं असतं.

सँड्रा ब्लँडच्या नावाच्या त्या कायद्यातली एक ओळ मात्र मला अजून खटकते. जेल प्रशासकाने पद घेतल्यापासून १८० दिवसांत परीक्षा पास व्हायलाच हवी, असं तिथे लिहिलं आहे. त्यातून एकाच माणसाला सूट आहे, आणि तो म्हणजे शेरिफ. त्याची परीक्षा मतदारांनी घ्यायची. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी हे शहर तीन काउंट्यांत पसरलं आहे आणि त्याचा एक तुकडा वॉलर काउंटीत येतो. केटीत मराठी घरं आहेत, त्यातली कित्येक आता मतदार आहेत. टेक्सासमध्ये शेरिफची निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षीच होते, म्हणजे आता २०२८ मध्ये, आणि ग्रामीण काउंट्यांत खरा निकाल बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या आधी, मार्चच्या पक्षांतर्गत निवडणुकीतच लागून जातो. त्या महिन्यात उमेदवार दारोदार येतात, चर्चच्या हॉलमध्ये, शाळेच्या मैदानावर सभा घेतात, आणि समोर बसलेली माणसं फार तर चाळीस-पन्नास असतात. हात वर केला तर प्रश्न विचारायला मिळतो.